डांगराचा वेल बघायला कुठं जायचं?

गेल्या महिन्यात या पानावर मी पितृपक्षातल्या डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली, पण बहुतेकांना भाजीचं काही विचारायचंच नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन भोपळ्याचं वावर, एखादा मळा, एखादा बाजार बघायला कुठं जाता येईल, हे त्यांना हवं होतं. मला फार बरं वाटलं. कृषी खात्यात मी सत्तावीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ आणि दिंडोरी तालुक्यांत. राहते अजून मखमलाबादच्या मळ्यातच. त्यामुळे असं पत्र आलं की इतर कामं बाजूला पडतात. जागा थोडी आहे, म्हणून पाच पत्रं घेतली आहेत.

ताई, माझा मुलगा अमेरिकेत इलिनॉयमध्ये असतो. नातू नऊ वर्षांचा, नात सहा वर्षांची. तिकडे दर ऑक्टोबरला ते भोपळ्याच्या शेतावर जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताच्या गठ्ठ्यांवर बसून फिरतात आणि आपला भोपळा आपण निवडून घरी आणतात. यंदा दिवाळीला पंधरा दिवसांसाठी इकडे येताहेत. नातीनं फोनवर विचारलं, "आजी, तुझ्या गावात भोपळ्याचं शेत कुठे आहे?" मला सांगता आलं नाही. नाशिकजवळ असं काही आहे का?
— एक आजी, इंदिरानगर

ताई, हजारभर केशरी भोपळे मांडून ठेवलेत आणि तिकीट काढून आत जायचं, तसलं शेत आपल्याकडे शोधू नका. इलिनॉय हे तर अमेरिकेतलं सगळ्यात जास्त भोपळा पिकवणारं राज्य. तिथलं मॉर्टन नावाचं गाव स्वतःला जगातली भोपळ्याची राजधानी म्हणवतं आणि त्या भागातला बराचसा माल गर काढून डब्यात भरायला जातो. एकरच्या एकर एकच पीक. आपलं डांगर तसं राहत नाही. व्यापारी लागवड करणारे शेतकरी आहेत, पण बहुतेक डांगर बांधावर असतं, विहिरीच्या कडेला असतं, नाहीतर मक्याच्या ताटांतून वाट काढत कुंपणावर गेलेलं असतं. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडे तर ते घराच्या कौलांवर चढून बसतं. नातीला सांगा, आमच्या गावात भोपळ्याचं शेत नाही, घराघराला एक वेल आहे, आणि तो आपण शोधायला जायचं. सहा वर्षांच्या पोरीला यात जास्त मजा येईल.

नातवाला आणखी एक गोष्ट सांगता येईल. भोपळा मूळचा अमेरिका खंडातलाच. मेक्सिकोत ओआहाका भागातल्या एका गुहेत माणसानं लावलेल्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. आपल्या श्राद्धाच्या ताटात जाऊन बसलेली ही भाजी त्याच्याच बाजूनं समुद्र ओलांडून आलेली आहे.

आता कुठं जायचं ते. माझ्या हातात असतं तर मी मुलांना पेठ रस्त्यानं नेलं असतं. सकाळी साडेसहाला घर सोडायचं, त्यापेक्षा उशीर नको. उन्हाचा त्रास हे त्याचं एक कारण, ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत आहेच. खरं कारण फुलाचं आहे. डांगराचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटून जातं, पुन्हा उघडत नाही. दहा वाजता पोचलात तर मुलांना नुसती चुरगळलेली पिवळी पुरचुंडी दिसेल. दिवाळीपर्यंत वेल बराचसा वाळत आलेला असतो, पण जमिनीत ओल असेल तर शेंड्याकडे दोन-चार फुलं मिळतातच. मुलांना खाली बसवा आणि दोन फुलं शेजारी शेजारी बघायला सांगा. एकाचा दांडा लांब, सरळ, बारीक असतो. ते नर फूल. दुसऱ्याचा दांडा आखूड, आणि फुलाच्या बुडाशी सुपारीएवढा हिरवा गोळा. ते मादी फूल, आणि तो गोळा म्हणजे जन्माला यायचा भोपळाच. मधमाशी या फुलातून त्या फुलात गेली तर तो धरतो, नाही गेली तर चार दिवसांत पिवळा पडून गळतो. मी कितीतरी मोठ्या माणसांना हे दाखवलंय आणि ती मुलांपेक्षा जास्त वेळ तिथं बसून राहिलीत.

सावळघाट ओलांडला की मुलूख बदलतो. दिवाळी लवकर असेल तर उतारावर खुरासणीची पिवळी फुलं असतील. उशिरा असेल तर ती गेलेली असतील आणि भातकापणी सुरू झालेली असेल. नागली, वरईही त्याच सुमारास निघते. गाडी हळू चालवायला सांगा आणि छपरांकडे बघत जा. डांगर दिसलं की थांबायचं, पण थेट अंगणात शिरायचं नाही. रस्त्यावरून हाक मारायची, कुणी बाहेर आलं की नमस्कार करायचा, कुठून आलो ते सांगायचं आणि मुलांना वेल बघायचाय म्हणायचं. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही.

त्या भागात नोकरीला असताना एका पाड्यावर माझं नेहमी जाणं असे. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी एकदा मला डांगर काढून दिलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. त्या पाटावर चढल्या. आधी डांगर हातानं जरासं उचलून त्याचं बूड बघितलं. कौलाला टेकलेला भाग हळदीसारखा पिवळट झाला होता. मग देठ चाचपला. "वाळला," म्हणाल्या. विळ्यानं देठ कापताना चार बोटं डांगराबरोबर राहू दिला आणि ते डांगर तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांत घेऊन खाली उतरल्या. मी देठाला धरून पिशवीत टाकायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. देठाला धरून उचललं की देठ मोडतो, आणि देठ मोडलेलं डांगर टिकत नाही. कृषी पदविका घेऊन आलेली मी, हे मला त्यांनी शिकवलं. पैसे घेईनात. पुढच्या खेपेला मी त्यांच्यासाठी गुळाची ढेप घेऊन गेले, ती मात्र त्यांनी हसत घेतली. तुम्हीही जाताना गूळ, चहापत्ती, पोरांसाठी वह्या असं काहीतरी न्या. आणि डांगर घेतलंत तर बाजारात जो भाव असेल तो द्या, घासाघीस करू नका.

आता एक चूक सांगते, ती माझ्या हातून झालेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली भाचरं घेऊन मी ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या वावरात गेले होते. मी बांधावर गप्पा मारत बसले आणि सात पोरं वेलांत धावली. अर्ध्या तासात त्यांनी मुठीएवढी कोवळी फळं तोडून ढीग केला आणि दोन वेल पायाखाली मधूनच तुटले. भोपळ्याचा वेल बुडापासून शेंड्यापर्यंत एकच दोरी असते. मध्ये तुटली की पुढची सगळी फळं गेली. शेतकरी काही बोलला नाही. मी नुकसानीचे पैसे देऊ केले तेव्हा तो म्हणाला, "ताई, पैशाचं नाही, बायकोनं रोज पाणी घातलं होतं." त्यानंतर मी मुलांना वावरात नेते ती दोन-दोन करून, आणि पाऊल पानांच्या मधल्या उघड्या मातीवर ठेवायचं हे आधी करून दाखवते.

पायांत बंद बूट हवेत. हे दिवस सापांचे असतात. भातकापणीच्या आणि गवताच्या जागी हात घालण्याआधी काठीनं पान बाजूला करायचं. मुलांना घाबरवू नका, सवय लावा.

राहिलं कोरण्याचं. नातवंडं येतील ते दिवस ३१ ऑक्टोबरच्या आसपासचे असतील तर ती भोपळा कोरायचा हट्ट धरतील. ही रीत मुळात आयर्लंडमधली. तिथं सलगम कोरून त्यात दिवा लावत. ती माणसं अमेरिकेत गेली आणि तिथं भोपळा हाताशी मिळाला. तिकडचा कोरायचा भोपळा पातळ गराचा, पाणचट असतो. आपलं डांगर जाड गराचं आणि सालीला कठीण, त्यामुळे मुलांच्या हातात सुरी देऊ नका. तुम्हीच एक छोटं डांगर वरून कापा, चमच्यानं गर काढायचं काम मुलांना द्या, आत पणती ठेवा आणि आकाशकंदिलाखाली मांडा. काढलेला गर फेकायचा नाही. त्याचं काय करायचं ते शेवटच्या पत्रात सांगितलंय.

आम्ही नाशिकरोडला राहतो, मुलगा चार वर्षांचा. गाडी नाही आणि लांब जायला जमत नाही. शहरातच त्याला काही दाखवता येईल का? शिवाय डांगर चांगलं कसं ओळखायचं? दोनदा आणलं, दोन्ही वेळा आतून पाणचट निघालं.
— एक वडील, नाशिकरोड

बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर जा. गाडगे महाराज पुलाच्या आसपास भरणारा बाजार तुम्ही पुलावरून पाहिला असेल, पण मुलाचं बोट धरून त्यातून चाललात का कधी? पावसाळ्यात पूर आला आणि दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी चढलं की या बाजाराची पांगापांग होते. आता पावसाळा सरला की घाट पुन्हा मोकळा. सकाळी लवकर गेलात तर आसपासच्या गावांतून आलेल्या बायका पोत्यावर माल मांडत असतात. त्यांच्याकडे डांगर बघा. चार-सहा अख्खी आणि एक फोडून ठेवलेलं, आतला रंग दिसावा म्हणून. मुलाला त्या फोडीपाशी उभं करा. बिया, त्यांना धरून असलेलं जाळं, गर, साल हे सगळं एका नजरेत दिसतं. चार वर्षांच्या मुलाला एवढं खूप झालं. पैसे त्याच्या हातून द्या. सुटे पैसे मोजून त्याच्या मुठीत परत देणारी बाई त्याच्या लक्षात राहील.

पाणचट निघालं याचा अर्थ कोवळं काढलेलं होतं. पितृपक्षात डांगराला मागणी असते आणि भाव चढतो, तेव्हा घाईनं काढलेला मालही बाजारात येतो. दिवाळीपर्यंत ते कमी होतं. देठ बघा. हिरवा, मऊ असेल तर ठेवून द्या. वाळून लाकडासारखा खडबडीत झाला असेल तर घ्या. जमिनीला टेकलेला डाग पांढरट नको, पिवळट हवा. दोन सारख्या आकाराची हातात घेतली तर जड असेल ते घ्या. नख रुतवून बघायची बऱ्याच जणांना सवय असते, ती कृपा करून सोडा. पिकलेल्या सालीत नख रुतत नाही हे खरं, पण न पिकलेल्यात रुतलं की तिथूनच ते सडायला लागतं, आणि ते सडलेलं डांगर त्या बाईच्या पदरात पडतं. शंका असेल तर विकणारीलाच विचारा. रोज बसणारी बाई गिऱ्हाईक तोडत नाही.

अख्खं डांगर घरात हवेशीर कोरड्या जागी, खाली पोतं किंवा पेंढा घालून ठेवलं तर दोन-तीन महिने सहज राहतं. एकावर एक रचू नका. फोड घेतलीत तर आधी बिया आणि जाळं काढा, मग फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. आणि कधी एखादं कडू लागलं, डांगर असो की दुधी, तर तो घास थुंकायचा आणि भाजी टाकून द्यायची. साखर-गूळ घालून कडूपणा झाकायचा नाही. तो विषारी असतो.

बिया मुलाला धुवायला द्या. सावलीत वाळवून, तव्यावर भाजून, सोलून खायच्या. दहा-बारा बाजूला ठेवल्या तर पुढच्या जूनमध्ये कुंडीत नाही, पण गोणीभर मातीत एक वेल तुमच्या गॅलरीतही चढेल.

माझी दिंडोरी तालुक्यात अडीच एकर शेती आहे. दीड एकर द्राक्षं, बाकी टोमॅटो आणि बांधानं डांगर. रस्त्याला लागून असल्यानं सुट्टीत लोक गाड्या थांबवून आत येतात, फोटो काढतात, न विचारता फळ तोडतात. पैसे घेऊन रीतसर कुटुंबांना आत घ्यावं असा विचार आहे. घरचे म्हणतात ही कटकट नको. आपला सल्ला हवा.
— एक शेतकरी, दिंडोरी तालुका

दादा, पैसे जरूर घ्या. त्यात संकोच कसला? लोक तुमच्या कामाच्या जागी येणार, तुमचा वेळ घेणार. राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आहे आणि पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. त्याची चौकशी करा. पण त्याच्या आधी दोन गोष्टी आहेत, आणि त्यातल्या पहिलीवर मी अडून बसणार आहे.

तुमच्याकडे शेततळं आहे का? द्राक्षाचा बागायतदार म्हणजे बहुधा असणारच. त्याला चारी बाजूंनी जाळीचं कुंपण आणि कुलूप लागेपर्यंत एकही मूल शेतात घेऊ नका. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला की पोहता येणारा मोठा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही, कारण हाताला धरायला काही नसतं. आमच्या भागात या तळ्यांनी घरंच्या घरं उजाड केलेली मी पाहिली आहेत. कुंपण झालं तरी आतल्या उतारावर चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर सोडा आणि हवेनं भरलेली एक ट्यूब कायम बांधून ठेवा. विहिरीला कठडा नसेल तर तिचंही तेच. हे सगळं होत नसेल तर बेत पुढच्या वर्षावर टाका. बुडालेलं मूल पाहुण्यांचंच असेल असंही नाही.

दुसरी गोष्ट घरातली. "कटकट नको" असं नेमकं कोण म्हणतंय? घरातल्या बाया म्हणत असतील तर त्यांचं ऐका. पाहुणे आले की चहा, पाणी, भाकरी, भांडी, संडासची साफसफाई हे सगळं त्यांच्या वाट्याला येतं आणि पैसे तुमच्या खिशात. त्यांचा वाटा आधी ठरवा, मदतीला एक बाई ठेवायची का ते ठरवा, आठवड्यात कुठले दिवस बंद ते त्यांनी ठरवावं. मग बघा कटकट उरते का.

लागवडीचं म्हणाल तर पुढच्या वर्षी जूनच्या अखेरीला पहिली खेप लावा आणि पंधरा-वीस दिवसांनी दुसरी. म्हणजे दसऱ्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत काढायला फळ आणि बघायला फूल, दोन्ही मिळतील. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का चंदन आणि अर्का सूर्यमुखी हे वाण लहान फळाचे आहेत, मुलांना उचलायला बरे. दोन ओळींमध्ये ट्रॉली जाईल एवढी वाट मोकळी ठेवा आणि वेल वाटेवर आला की त्याचं तोंड वळवत राहा. फळमाशीचे सापळे लावाल तेव्हा त्यांची माहिती पाटीवर लिहा, मुलं उभी राहून वाचतात. फळ मुलानं निवडायचं, देठ तुमच्या माणसानं कापायचा, काट्यावर वजन करायचं आणि भाव फळ्यावर ठळक लिहिलेला असावा.

फवारणी झाली की त्या दिवशी आणि औषधाच्या लेबलवर लिहिलेली मुदत संपेपर्यंत फाटक बंद. द्राक्षबागेत तर कुणालाच सोडू नका.

मुंबईहून माझे मेहुणे सहकुटुंब येताहेत. त्यांना द्राक्षं तोडायला न्यावं असा बेत आहे. दिवाळीत कुठली बाग चांगली?
— एक वाचक, सिडको

दिवाळीत द्राक्षं नसतात. ऑक्टोबरात बागेची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चाललेली असते किंवा नुकती झालेली असते. तिथून चार महिन्यांच्या आसपास घड तयार होतात, म्हणजे खाण्याजोगी द्राक्षं जानेवारीच्या पुढे ते एप्रिलपर्यंत. आता बागेत नुसत्या काड्या, नवी फूट आणि डावणी रोगाच्या भीतीनं होणारी फवारणी आहे. मेहुण्यांना फेब्रुवारीत पुन्हा बोलवा.

आत्ता न्यायचंच तर गिरणाऱ्याकडे न्या. टोमॅटोचा हंगाम असतो. वावरातून डोक्यावर कॅरेट घेऊन बायका बांधाला येतात, पिकअप भरतात, बाजारात कॅरेट ओतून भाव होतो. वीस किलोचं एक कॅरेट उचलून बघायला सांगा त्यांना. आणि वाटेत मखमलाबाद-मुंगसऱ्याकडच्या बांधांवर डांगर दिसेलच.

घरात सात किलोचं डांगर येऊन पडलंय. सुनेला त्याची भाजी आवडत नाही, मुलं तोंड वाकडं करतात. एवढ्याचं काय करू? शिवाय शेजारीण म्हणते, हे डांगर नाही, कोहळा आहे.
— एक काकू, सातपूर

शेजारणीचं आधी. कोहळ्याच्या सालीवर पांढरी भुकटी असते, हात लावला की बोटांना लागते, आणि आतून तो पांढरा असतो. नवमीला कापतात, नव्या घराला दृष्ट लागू नये म्हणून टांगतात, सांडगे घालतात, तो. तुमचं आतून केशरी निघालं तर डांगरच.

सात किलो एकदम फोडू नका. देठ शाबूत असेल तर ठेवा, थंडीतही चालेल. फोडलंच असेल तर शेजारी तीन घरी वाटा. आमच्या मळ्यात डांगर फोडलं की वाटायचंच, एका घरासाठी कुणी फोडत नाही.

उरलेल्याचं एक दिवस दह्यातलं भरीत करा. फोडी वाफवून कुस्करायच्या, दही, मीठ, चवीला साखर, वरून तूप-जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी. भाजी न खाणारी माणसं हे भरीत खातात. आणि मुलांसाठी घाऱ्या. डांगर किसून घ्या, थेंबभरही पाणी न घालता जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर वाफवा. वाटीभर शिजलेल्या किसाला पाऊण वाटी चिरलेला गूळ. गूळ विरघळला की मिश्रण सैल होतं, घाबरू नका. उतरवून कोमट होऊ द्या. वेलची किंवा जायफळ, चिमूटभर मीठ, दोन चमचे गरम तेलाचं मोहन, मूठभर तांदळाचं पीठ, आणि मग त्यात मावेल तेवढीच कणीक. पाणी घातलंत तर घारी तेल पिईल. गोळा पुरीच्या पिठापेक्षा किंचित मऊ हवा. प्लास्टिकच्या कागदावर तेलाचा हात लावून जाडसर थापा, वर खसखस दाबा आणि मध्यम आचेवर तळा. आच मोठी झाली तर गुळामुळे बाहेरून काळ्या होतात आणि आत कच्च्या राहतात. थापायचं काम मुलांना द्या. वाकड्या झाल्या तरी तळून त्यांच्याच ताटात वाढा. गार झाल्यावर डब्यात भरल्या तर दोन-तीन दिवस राहतात, पण पहिल्या दिवशीच संपतील असं धरून दुप्पट करा.